अलिबाग ते गोवा सायकलवर: निघण्याआधी बायकांनी काय ठरवून घ्यावं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. तुम्ही नाशिकच्या, वय ३८. वर्षभर सायकल चालवताय, रविवारचे ६०-७० किलोमीटर आता सहज होतात. डिसेंबरात तुमचा ग्रुप अलिबागहून किनाऱ्याच्या रस्त्यानं गोव्याला निघालाय. सहा दिवस, बावीस जण, त्यात बायका चार. तुम्हाला धास्ती तीन गोष्टींची आहे: वाटेत लघवीला कुठं जायचं, तिसऱ्या दिवसाच्या आसपास पाळी येणार तिचं काय करायचं, आणि आपण मागे पडलो तर सगळ्यांचा खोळंबा होईल. लीडरना विचारलं तर ते म्हणाले, "काही टेन्शन घेऊ नका मॅडम, रस्त्यात बघू." त्यावर पुढं काय बोलावं ते तुम्हाला सुचलं नाही.

हे सगळं तुम्ही "माझ्या अडचणी" म्हणून लिहिलंय. मी पुण्यातून बरीच वर्षं मिश्र ग्रुपच्या राइड काढते, आणि माझं मत असं की यातलं निम्म्याहून जास्त काम राइड आखणाऱ्याचं आहे. जेवण कुठं, मुक्काम कुठं, जेट्टीवरची बोट किती वाजता, याबद्दल कुणी "रस्त्यात बघू" म्हणत नाही. मग चौघींना दर दोन-अडीच तासांनी लागणारी गोष्ट तेवढी रस्त्यावर का सोडायची? लीडर माणूस वाईट असतो असं नाही. त्याला स्वतःला रस्त्यात खरोखरच काही बघावं लागत नाही, सायकल झाडाला टेकवली की काम झालं. म्हणून हा मुद्दा त्याच्या यादीतच नसतो. तो तुम्ही घालायचा.

काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर ठरतील. तुमची सायकल कोणती, ग्रुपबरोबर बॅकअप गाडी आहे की सामान स्वतःच न्यायचंय, पाळीत रक्तस्राव किती होतो, आधी कधी सीटचा त्रास झालाय का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. तेव्हा माझ्या मांडणीतलं जे लागू पडेल ते घ्या. आणि मी डॉक्टर नाही. औषधांबद्दल लिहिलंय ते डॉक्टरांशी बोलायला सोपं जावं एवढ्यासाठीच.

पाण्यापासून सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथंच होतो. लघवीला जागा मिळणार नाही या भीतीनं बायका सकाळपासून पाणी पिणंच कमी करतात. कुणी शिकवावं लागत नाही, शाळेपासूनची सवय आहे ती. कोकणात डिसेंबरातही अकरानंतर ऊन चटका देतं, हवा दमट, घाम वाळत नाही. अशा वेळी शरीरातलं पाणी कमी झालं की रक्ताचं आकारमान घटतं, त्याच चढाला हृदयाचे ठोके वाढतात, डोकं दुखायला लागतं, पिंडऱ्यांत गोळे येतात. मग ती मागे पडते आणि ग्रुप म्हणतो, स्टॅमिना नाही. त्यात भर म्हणजे लघवी गडद होते, तुंबवून धरली जाते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी जळजळ सुरू. लघवीचा संसर्ग झाला की ती राइड तिथंच संपली म्हणा. तेव्हा तासाला अर्ध्या लिटरच्या आसपास पाणी पोटात गेलंच पाहिजे, घाम जास्त असेल तर त्याहून थोडं अधिक. नुसतं पाणी ढोसत राहू नका, त्यात मिठाचा अंश हवा. ओआरएसची मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात घालायची, अर्ध्या बाटलीत कोंबायची नाही. कोकम सरबत, ताक, लिंबू-मीठ हेही चालतं. चहा-कॉफीनं मात्र वारंवार लघवीला होते, तेव्हा पुढचा टप्पा उजाड असेल तर दुसरा कप नको.

आता जागा. पाणी नीट प्यायलं तर दोन-अडीच तासांनी थांबावं लागणार. सामानासह, चढ-उतारात तुमचा वेग ताशी पंधरा-सोळा धरला तर हे अंतर होतं तीस ते चाळीस किलोमीटर. म्हणजे दर तीस-पस्तीस किलोमीटरला एक पक्की जागा नकाशावर आधीच ठरलेली हवी. मुरूड, श्रीवर्धन, दापोली, गुहागर, रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्ला इथं एसटी स्टँड आहेत. स्वच्छता कशी असेल ते नशिबावर, पण दार असतं. सुटे पैसे जवळ ठेवा. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांकडून पैसे, हा प्रकार अनेक ठिकाणी आहे. मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी' नावाची मोहीम त्याच मुद्द्यावर चालली, पण स्टँडवरच्या खिडकीशी वाद घालायला तुमच्याकडे तेव्हा वेळ नसेल. पेट्रोल पंपावर शौचालय, पिण्याचं पाणी आणि हवा देणं पंपचालकावर बंधनकारक असतं. आपण पेट्रोल भरत नाही म्हणून संकोच नको. दाराला कुलूप दिसलं तर परत फिरू नका, किल्ली बहुतेक वेळा ऑफिसातल्या माणसाकडे असते. पण किनाऱ्याच्या या रस्त्यावर पंप तुरळकच, बहुतेक तालुक्याच्या गावांत.

या रस्त्याचं खरं वैशिष्ट्य वेगळंच आहे आणि ते बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. गावं खाली खाडीकाठी, माडा-पोफळीत. तिथून रस्ता चढ घेऊन वर सड्यावर येतो. सडा म्हणजे जांभ्या कातळाचं पठार, मैलभर नजर जाते. आडिवरे, जैतापूर, पुढं देवगडच्या बाजूला असे सडे लागतात. तिथं माणूस नसतं, पण आडोसाही नसतो. गुडघाभर वाळलेलं गवत आणि लांबून येणारी गाडी. तेव्हा नियम साधा: चढ सुरू होण्याआधी, गावातच उरकून घ्या. वर गेल्यावर जागा शोधणं म्हणजे पुढच्या उतारापर्यंत धरून ठेवणं.

गावात कुठं? कुणाच्याही घरी. "काकी, जरा बाथरूम वापरू का?" एवढं पुरतं. कोकणात सायकल घेऊन दारात उभ्या राहिलेल्या बाईला कुणी नाही म्हटलेलं मी तरी पाहिलेलं नाही. शौचालय बहुतेक मागच्या परसात असतं. विहिरीवरून बादली भरून घ्यावी लागते, आणि येताना "खयसून इल्यात?"पासून "घरी कोण कोण?"पर्यंत चौकशीला उत्तर द्यावं लागतं. दहा मिनिटं धरून चाला. ग्रुपमधले पुरुष तेवढ्या वेळात अंगणात उभे राहू नयेत, पुढच्या टपरीवर थांबावं. बावीस हेल्मेटं दारात पाहिली की घरातल्या बाईला अवघडल्यासारखं होतं.

उघड्यावर जावंच लागलं तर दोघी-तिघींनी मिळून जा. जागा वळणावर निवडू नका, तिथं गाडी अचानक समोर येते. सरळ रस्त्यावर मोरीच्या खालच्या अंगाला बरं पडतं. एकीनं रस्त्याकडे तोंड करून सायकल आडवी धरायची, तिच्या हँडलवर ओढणी किंवा पातळ लुंगी टाकायची. मी कमरेला गुंडाळायचं सुती कापड हँडलबारच्या पिशवीत सगळ्यात वर ठेवते. त्याचा उपयोग कपडे बदलायलाही होतो आणि जेट्टीवर बसायलाही. एक गोष्ट कोकणात न चुकता बघा: खाजकुइली. पावसाळ्यानंतर झुडपांवर वेल चढलेला असतो आणि हिवाळ्यात त्याच्या तपकिरी, लवदार शेंगा वाळतात. बसण्याआधी डोक्यावर आणि आजूबाजूला नजर टाका. ती लव मांडीला लागली तर पुढचे दोन तास सायकलवर कसे जातील ते सांगत नाही. उभ्यानं लघवी करता येईल अशी कागदी किंवा सिलिकॉनची नळकांडी मिळतात. काहींना ती फार सोयीची वाटतात. घरी न्हाणीत चार-पाच वेळा वापरून बघितल्याशिवाय रस्त्यावर काढू नका, इतकंच. आणि हो, खांद्यावरून पट्टे जाणारी बिब शॉर्ट बायकांनी अशा राइडला टाळावी. प्रत्येक वेळी वरची जर्सी काढायची म्हणजे आडोशाची अट दुप्पट. कमरेची साधी पॅडेड शॉर्ट, म्हणजे बसण्याच्या जागी आत गादी शिवलेली, वरून सैल हाफपँट, झालं.

सीटचा विषय तुम्ही विचारला नाहीत, पण मला तो पाळीपेक्षा मोठा वाटतो. पाळी सहापैकी चार दिवस असेल, सीट सहाही दिवस आहे. सायकलबरोबर आलेली सीट बहुधा पुरुषाच्या मापानं असते. बसल्यावर वजन ज्या दोन हाडांवर पडतं त्यांच्यातलं अंतर बायकांत सरासरीनं जास्त असतं. सीट अरुंद असली की हाडं कडेच्या बाहेर जातात आणि वजन मधल्या मऊ भागावर येतं. मग बधिरपणा, सूज, कातडी सोलणं. माप घरी घेता येतं. खोक्याचा पन्हाळी पुठ्ठा कडक पाटावर ठेवा, पातळ कपड्यांत त्यावर बसा, पावलांखाली विटा घेऊन गुडघे जरा वर येऊ द्या, पुढं झुका, मिनिटभर थांबा. पुठ्ठ्यावर दोन खळगे उमटतात. त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मोजा, त्यात दोन-अडीच सेंटिमीटर मिळवा. तेवढ्या रुंदीची, मध्ये खाच असलेली सीट बघा. वर जेलचं जाड कव्हर चढवू नका. हाडं त्यात रुततात आणि मधला भाग वर येऊन तिथंच जास्त दाब देतो. नाक अगदी किंचित खाली, जास्त केलंत तर सगळं वजन मनगटांवर येईल. सीट फार उंच असेल तर कंबर डावी-उजवीकडे डुलते आणि त्या घासण्यानं फोड येतात. मागून कुणाला तरी बघायला सांगा.

पॅडेड शॉर्टच्या आत चड्डी घालायची नाही. हे कुणी सांगत नाही आणि विचारायला लाज वाटते, म्हणून स्पष्ट लिहिते. चड्डीची शिवण आणि ओला कपडा यांनीच कातडी जाते. बायकांसाठीची शॉर्ट घ्या, तिच्या पॅडचा आकार वेगळा असतो. तीन जोड हवेत: एक अंगावर, एक धुतलेला, एक वाळत. मुक्कामी पोहोचल्यावर चहा नंतर, आधी शॉर्ट बदलणं. ओल्या पॅडमध्ये तासभर गप्पा मारत बसलं की दुसऱ्या दिवशी पुरळ. धुतलेली शॉर्ट कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून पिळा आणि उलटी करून टांगा, सकाळपर्यंत बऱ्यापैकी वाळते. मांडीच्या सांध्यात खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन लावून निघा. तिथले केस निघण्याच्या आदल्या दिवशी रेझरनं काढू नका. घामानं आणि घासण्यानं केसांच्या मुळाशी फोड येतात. कात्रीनं बारीक करा, तेही चार-पाच दिवस आधी. स्पोर्ट्स ब्रा दोन, तारेची नको, आणि दुपारच्या थांब्यावर ओली बदलता आली तर बदला.

आता पाळी. पॅड वापरत असाल तर पॅडेड शॉर्टवर ते चिकटत नाही, सरकतं आणि त्याची कड मांडीला कापते. त्या दिवसांपुरती वरच्या नियमाला सूट घ्या. पातळ, बिनशिवणीची चड्डी, त्यावर पातळ पॅड आणि वरून शॉर्ट. तीन-चार तासांनी बदला. वापरलेलं पॅड ठेवायला कागद आणि बंद होणारी पिशवी हँडलबारच्या पिशवीत हवी, कारण वाटेत टाकायला जागा मिळेल याचा भरवसा नाही. मेन्स्ट्रुअल कप वापरणाऱ्यांचं काम सोपं होतं. आठ ते बारा तास चालतो, म्हणजे सकाळी खोलीत आणि संध्याकाळी खोलीत, वाटेत हात लावायची गरजच नाही. पण तो जमायला दोन-तीन पाळ्या जातात. तुमच्याकडे अजून तेवढा वेळ आहे, तर याच महिन्यापासून सुरू करा आणि कप आत असताना किमान एकदा पन्नास किलोमीटर करून बघा. देठ टोचत असेल तर थोडं कापता येतं. डिसेंबरात पहिल्यांदा प्रयोग अजिबात नको. टॅम्पॉन चालत असेल तर चार ते सहा तासांत बदला, आठ तासांच्या वर कधीच नाही.

पाळी पुढं ढकलायच्या गोळ्यांबद्दल बऱ्याच जणी विचारतात. त्या मिळतात, काम करतात, आणि देवदर्शनापासून लग्नापर्यंत आपल्याकडे सर्रास घेतल्या जातात. त्या पाळीच्या अपेक्षित तारखेच्या साधारण तीन दिवस आधीपासून सुरू कराव्या लागतात, आणि रक्ताच्या गुठळ्यांचा इतिहास, काही प्रकारची अर्धशिशी, यकृताचे आजार असलेल्यांना त्या देत नाहीत. म्हणून औषधाच्या दुकानातून परस्पर आणू नका, डॉक्टरांना "सहा दिवस, रोज सात-आठ तास सायकल" असं नेमकं सांगून विचारा. पोटदुखीची नेहमीची गोळी रिकाम्या पोटी आणि पाणी कमी प्यायलेलं असताना घेऊ नका. अशा वेळी ती पोटाला आणि मूत्रपिंडाला जड जाते. दोन घास खा, पाणी प्या, मग घ्या.

पाळीत चालवावी का, हा प्रश्न मी रक्तस्रावावर आणि हिमोग्लोबिनवर सोडते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१९-२१ मध्ये देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय होता, महाराष्ट्रात ५४ टक्के. म्हणजे चौघींतल्या दोघींना असण्याची शक्यता धरूनच चालायचं. चढाला धाप लागते म्हणून सराव वाढवणारी बाई कित्येकदा लोह कमी असलेली निघते. तपासणी याच आठवड्यात करा. लोहाच्या गोळ्यांनी फरक पडायला आठवडे-महिने जातात, नोव्हेंबरात कळून उपयोग नाही.

जाता जाता एक. हरिहरेश्वर, गणपतीपुळे इथं ग्रुप दर्शनाला थांबणार. ज्यांना जायचं त्या जातील, ज्या जाणार नाहीत त्या सायकलींपाशी बसतील. "तुम्ही का नाही आलात?" हे विचारू नये, एवढं पुरुषांना आधी सांगून ठेवायला हरकत नाही.

मागे पडण्याची भीती. इथं लोकांना वाटतं की प्रश्न वेगाचा आहे. माझ्या अनुभवात तो विश्रांतीच्या हिशेबाचा असतो. नेहमीचं चित्र असं: पुढचे बारा जण टपरीवर पोहोचतात, चहा-वडापाव होतो, वीस मिनिटं पाय पसरतात. मागची बाई येते. ती सायकल लावून बाटली भरतेय तोच, "चला, आल्या सगळ्या, निघू या!" सगळ्यात जास्त दमलेल्या माणसाला सगळ्यात कमी विश्रांती, आणि हे दिवसातून चार वेळा. दुपारी तीनला ती रडकुंडीला येते त्यात नवल काय? मी माझ्या राइडमध्ये नियम ठेवलाय की थांब्याचं घड्याळ शेवटचा माणूस पोहोचल्यावर सुरू होतं, पंधरा मिनिटं. ज्यांना घाई आहे त्यांनी पुढं जावं, पण तिला एकटीला मागे सोडून सगळ्यांनी निघायचं नाही. दुसरा उपाय म्हणजे हळू चालवणाऱ्यांनी सकाळी अर्धा तास आधी निघणं. हा मला जास्त आवडतो, कारण तेव्हा तुम्ही कुणाच्या मागे नसता, लोक तुम्हाला येऊन गाठतात.

ग्रुपमध्ये बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब पल्ला संपवायच्या राइड, करणारे असतील तर त्यांच्याशी हे आधीच बोला. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत संपवायची सवय लागली की माणसाला थांबणं म्हणजे वेळ वाया घालवणं वाटतं. बीआरएममध्ये प्रत्येकाचं घड्याळ वेगळं असतं, इथं सगळ्यांचं एकच आहे. शिवाय या रस्त्यावर आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेशवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा बोटी आहेत. पुढं धावून जेट्टीवर अर्धा तास बसण्यात काय मिळवलं? तुमच्या बाजूनं दोन गोष्टी करा. मागचा गिअर मोठा, ३४ दातांचा असेल तर बघा. प्रत्येक खाडीनंतर चढ आहे आणि तो लांब नसला तरी तीव्र असतो. आणि नोव्हेंबरपर्यंत शनिवार-रविवार लागोपाठ चालवायची सवय लावा. आज सत्तर, दमलेल्या पायांनी उद्या साठ. एकच लांब राइड करून हे कळत नाही. नांदुरीहून सप्तशृंगी गडाचा घाट तुमच्या हाताशी आहे, तिथं सामानाच्या वजनासह दोन-तीनदा जाऊन या. चढ चढवला नाही तर उतरून ढकला, त्यात कमीपणा नाही. फक्त डाव्या कडेनं.

चढावरच घडणारी आणखी एक गोष्ट. मागून येऊन पाठीवर हात ठेवून ढकलणारे काही जण असतात. हेतू बहुतेकांचा मदतीचाच असतो, पण न विचारता लावलेला हात म्हणजे हात, आणि अचानक धक्का बसला की तोलही जातो. "विचारल्याशिवाय कुणाला ढकलायचं नाही" हा नियम निघण्याआधी सगळ्यांसमोर सांगितला की कुणा एकाकडे बोट जात नाही. तोच नियम "गिअर टाका, गिअर टाका" ओरडत शेजारून चालणाऱ्यांना लावता आला असता तर बरं झालं असतं, पण तो रोग जुना आहे. फोटोंचंही सांगून ठेवा. चढावर धापा टाकणाऱ्या बाईचा मागून काढलेला फोटो व्हॉट्सअॅपवर टाकायचा नाही.

रस्त्यावरच्या सुरक्षिततेत मला मुख्य मुद्दा एकच दिसतो: कोणतीही बाई पुढच्या घोळक्याच्या आणि मागच्या माणसाच्या मधल्या रिकाम्या टापूत एकटी राहू नये. दुचाकीवरची पोरं वेग कमी करून शेजारून चालतात ती तिथंच. दोघींची जोडी ठरवा आणि दिवसभर मोडू नका. स्वीप, म्हणजे सगळ्यांच्या मागे राहणारा माणूस, खरोखर मागेच राहिला पाहिजे. जेवणानंतर तो पुढच्यांत मिसळला तर त्या पदाला अर्थ नाही. कुणी मागे लागलंच तर वेग वाढवत पळू नका, पहिलं दुकान किंवा घर दिसेल तिथं थांबा आणि ११२ लावा. सड्यावर आणि घाटात रेंज जाते हेही ध्यानात असू द्या. व्हॉट्सअॅपचं लाइव्ह लोकेशन एका वेळी आठ तासच चालतं, जेवणाच्या थांब्यावर पुन्हा सुरू करा. डिसेंबरात कोकणात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहानंतर लगेच मावळतो. नव्वद किलोमीटर, एक बोट, जेवण आणि चार थांबे म्हणजे नऊ-साडेनऊ तास जातात. तेव्हा साडेसातला "पोहे होऊ द्या" म्हणणाऱ्या ग्रुपचा शेवटचा माणूस अंधारातच पोहोचणार, आणि तो शेवटचा माणूस कोण असेल हे आपल्याला माहीत आहे.

मुक्कामाचं फार लांबवत नाही. चौघींना एक खोली, आत कडी लागणारी, बाथरूम खोलीतच. हे बुकिंग करतानाच विचारायचं. ग्रुपमध्ये एकच बाई असेल तर तिच्या खोलीचं पूर्ण भाडं तिच्या एकटीच्या माथी मारतात. ते सगळ्यांत वाटून घ्यावं असं माझं ठाम मत आहे. तुमच्याकडे चौघी आहेत, प्रश्न सुटला.

सासूबाई साशंक आहेत असं तुम्ही ओझरतं लिहिलंत. त्यांना पटवायला उदाहरणं पुष्कळ आहेत. पुण्याच्या प्रीती म्हस्के यांनी २०२२ मध्ये लेह ते मनाली हे अंतर एकटीनं ५५ तास १३ मिनिटांत पार केलं, तेही चाळिशी ओलांडल्यावर. पण उदाहरणांपेक्षा कागद कामाला येतो. रोजचा मुक्काम, तिथला फोन नंबर, लीडरचा आणि बॅकअप गाडीवाल्याचा नंबर एका कागदावर लिहून फ्रिजवर लावा. दर तासाला फोन करायचं कबूल करू नका, कारण एक राहिला की घरी घबराट. बोटीवर एक मेसेज आणि खोलीत पोहोचल्यावर एक, असं ठरवा.

आता लीडरशी बोलायचं ते. एकटीनं जाऊ नका. आधी त्या तिघींना गाठा, दिवाळीपूर्वी एखाद्या रविवारी चौघीच पन्नास-साठ किलोमीटर जाऊन या. त्र्यंबकेश्वरला जाऊन परत यायचं म्हटलं तर तेवढंच होतं. जे तुम्हाला विचारायला लाज वाटतेय ते त्यांनाही विचारायचंच असेल. मग चौघींच्या नावानं एक मेसेज पाठवा, तक्रारीचा सूर न लावता, कामाचा. साधारण असा:

"सर, आम्ही चौघी येतोय. चार गोष्टी आधी ठरवून हव्यात. रोजच्या रूटवर दर ३०-३५ किलोमीटरला शौचालयाची सोय असलेला थांबा, सड्यावर चढण्याआधी एक थांबा. शेवटचा रायडर आल्यापासून पंधरा मिनिटं विश्रांती. स्वीप कोण, त्यांचा नंबर, आणि ते दिवसभर मागेच असतील ना? खोली चौघींची एक, आतून कडी आणि बाथरूमसह. रूट पाठवलात तर थांब्यांची यादी आम्हीच करून देतो."

शेवटचं वाक्य गाळू नका. यादी तुम्ही केलीत तर ती होईल, आणि लीडरलाही नाही म्हणायला कारण उरत नाही. उत्तर "हो, पाठवा" आलं तर बिनधास्त जा. "एवढं काय त्यात" आलं तर एकदा फोन करून समजावून बघा. पुन्हा तेच आलं तर मी त्या ग्रुपबरोबर जाणार नाही. चौघी आहात, एखादी गाडी ठरवून दापोली ते रत्नागिरी असा तीन दिवसांचा तुकडा स्वतःच आखू शकता.

गेलात तर मध्ये सोडायची वाटही ठरवून ठेवा. बॅकअप गाडीत अर्धा दिवस बसणं हा त्या गाडीचा उपयोगच आहे, ती पंक्चरच्या ट्यूब वाहायला आणलेली नाही. रत्नागिरी साधारण अर्ध्यावर येतं आणि तिथं कोकण रेल्वेचं स्टेशन आहे. सीटचे फोड फुटले, लघवीला जळजळ आणि ताप आला, किंवा पाळीत चक्कर यायला लागली, तर पुढं रेटू नका. सायकल रेल्वेत सामान म्हणून बुक करता येते, त्यासाठी गाडीच्या वेळेआधी तास-दीड तास स्टेशनवर पोहोचायला हवं आणि ओळखपत्र जवळ हवं. पुढं कुडाळ आणि सावंतवाडी रोड ही स्टेशनं आहेत, पण ती किनाऱ्यापासून बरीच आत पडतात. तेव्हा शंका असेल तर निर्णय रत्नागिरीच्या मुक्कामीच घ्या.